कोपरीचा गोलकीपर आणि माझी उजवी चप्पल

यंदा दसऱ्यानंतर मी ठाण्याहून कोल्हापूरला परतले ती पायात भावजयीच्या निळ्या रबरी स्लिपरा घालून. माझ्या स्वतःच्या चपलांपैकी डावी पिशवीत होती आणि उजवी कोपरीत राहिली होती. कोल्हापूरची बाई परगावी जाऊन चप्पल गमावून आली, ही बातमी आमच्या गल्लीत माझ्या आधी पोचली. तेव्हापासून भाजीवालीपासून प्राचार्यांपर्यंत जो तो विचारतो आहे. एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. पंधरा वर्षं एकाच वहीतून एकाग्रता, प्रेरणा आणि मनावरचा ताण शिकवते. वहीचं कव्हर तीनदा बदललं, मजकूर तोच. फुटबॉलला मी आयुष्यात पाय लावलेला नव्हता. पण आपल्या गावात राहून फुटबॉल चुकवता येत नाही, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पेठेचा सामना असला की माझा निम्मा वर्ग रिकामा असतो आणि उरलेल्या निम्म्याचं लक्ष खिडकीबाहेर. एवढ्या भांडवलावर माझा मावसभाऊ प्रभाकर मला तज्ज्ञ समजत होता.

प्रभाकर ठाण्यात एका शाळेत पी.टी.चा मास्तर आहे. संध्याकाळी आणि पहाटे तो कोपरीतल्या मुलांचा फुटबॉल संघ सांभाळतो. त्याचं पत्र आलं: पोरं सरावात वाघ असतात आणि सामन्यात त्यांचे पाय लाकडाचे होतात. नवरात्राच्या सुट्टीत तुझं ते मनाचं शास्त्र घेऊन ये. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, 'हरेश खेळ सोडतो म्हणतोय, त्याचं काही बघ.' मी वही पिशवीत टाकली आणि निघाले.

कोपरी, सप्तमी आणि अष्टमी

स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की दहा मिनिटांत कोपरी. नव्या इमारतींच्या मधेमधे जुनी बैठी घरं, ओट्यावर वाळत टाकलेली जाळी, आणि वाऱ्याबरोबर खाडीचा खारट वास. संघातली निम्मी मुलं खाडीवरच्या कोळ्यांच्या घरची आणि निम्मी जुन्या आगरी घरांतली. कुणी कारखान्यात, कुणी दुकानात, कुणी अजून वडिलांबरोबर होडीवर.

मी माशांची स्वप्नं बघत आले होते. प्रभाकरची बायको सुलभा हिने पहिल्याच जेवणाला साबुदाण्याची खिचडी वाढली तेव्हा आठवलं की नवरात्र आहे. शेजारच्या कोळणींच्या घरातसुद्धा दसऱ्यापर्यंत मासळी शिजणार नव्हती. वासावर पोट भरायचं होतं.

हरेशबद्दल प्रभाकरने खिचडी खाताना सांगितलं. वय सव्वीस, दिवसा कारखान्यात लेथवर काम, संघाचा गोलकीपर. संघ मुळात त्यानेच जमवलेला. घरोघर जाऊन एकेका मुलाला अंथरुणातून ओढून मैदानावर आणणारा तो. गेल्या वर्षी कल्याणच्या स्पर्धेत शेवटच्या मिनिटाला एक साधा, घरंगळत आलेला चेंडू त्याच्या दोन पायांमधून गोलात गेला आणि संघ हरला. तेव्हापासून तो चेंडू अडवतो, पण हसत नाही. यंदा कल्याणला पहिलाच सामना त्याच संघाशी होता. तेवढा खेळून हातमोजे काढून ठेवणार, असं त्याने प्रभाकरला सांगून टाकलं होतं.

"ताई, तो गेला की सहा महिन्यांत टीम बसली म्हणून समज," प्रभाकर म्हणाला. एवढा दांडगा माणूस, पण त्याचा घास हातातच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी मैदानावर. चौदा मुलं गोल करून बसवली. यंदा जून-जुलैत टीव्हीवर इटलीतला वर्ल्डकप बघून या मुलांनी काय उचललं होतं, तर कॅमेरूनचा तो खेळाडू गोल मारल्यावर कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी कंबर हलवत नाचायचा, तो नाच. कॉर्नर किक कुणालाच धड येत नव्हती, नाच चौदाही जणांना येत होता. मला वाटलं, अशा उत्साही मुलांना शिकवणं म्हणजे हातचा मळ.

मी डोळे मिटायला सांगितले. चेंडू गोलात जातोय असं मनात बघा. एक गोल, दोन गोल, तीन गोल. कप हातात आहे, लोक टाळ्या वाजवतायत. मग डोळे उघडायला सांगून शाळेतून आणलेल्या फळ्यावर खडूने लिहिलं, 'आपण तीन-शून्यने जिंकणार', आणि म्हटलं, सगळ्यांनी मोठ्याने म्हणा.

कुणी म्हणेना. मयतीला आल्यासारखी चौदा तोंडं माझ्याकडे बघत राहिली. जनार्दन म्हणून त्यांचा सेंटर फॉरवर्ड आहे, एरवी भलता बडबड्या. तो उठला, शर्टाच्या बाहीने फळा स्वच्छ पुसला आणि काही न बोलता जाऊन बसला. त्यानंतरचा सराव इतका वाईट झाला की एका बचावपटूने स्वतःच्याच गोलात चेंडू मारला. हरेशने तो बाहेर काढून दिला आणि घड्याळ बघून कामावर निघून गेला.

माझ्या वहीत याला आत्मविश्वासाचा अभाव म्हणतात. उपायही लिहिलेला आहे, तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हणायचं.

खाडीवर, नवमी

म्हणून दुसऱ्या दिवशी मी आणखी मोठ्याने म्हणायला लावलं. तीन मुलं आलीच नाहीत. आली त्यांनी ओठ हलवले. हरेश हातमोजे काखेत मारून माझ्यासमोर उभा राहिला. सावळा, उंच, आवाज एकदम हळू.

"मॅडम, तुम्ही लांबून आलायत, तुमचा मान आहे. पण असं बोलायचं नसतं. तुम्ही फळ्यावर लिहिलंत ना, तिकडेच वाट लागली."

का बोलायचं नसतं, ते त्याने सांगितलं नाही. मला राग आला, खरं सांगते. पंधरा वर्षांत माझ्या वहीला कुणी असं तोंडावर बोललं नव्हतं. मी तरातरा खाडीकडे चालत सुटले.

धक्क्यावर हरेशची आई हिराबाय टोपल्या धूत बसली होती. घट्ट नेसलेलं लुगडं, नाकात मोठी नथ, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरचा माणूस वळून बघेल. हरेशचे वडील होडी पाण्यात ढकलत होते. नवरात्रात गिऱ्हाईक कमी असलं तरी घरची होडी बांधून ठेवत नव्हते. ओळख काढावी, चार शब्द गोड बोलावे, म्हणून मी कोल्हापुरी अगत्याने मोठ्याने विचारलं, "काय मामा, आज किती मासळी मिळणार?"

मामांनी होडी थांबवली. वल्हं आत टाकलं, पुन्हा काठावर आले, आणि माझ्याकडे न बघता दगडावर बसून विडी पेटवली. हिराबाय टोपली हातात तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

"बाय, तू मास्तरची बहीन ना? जालं वर येत नाय तवर मासलीचा नाव घेवाचा नाय," ती म्हणाली. "आमच्या घरात तसाच हाय. आता ह्यो अर्धा तास बसंल, मंग जाईल."

मी खाली बसले ती एकदम. डोळ्यांपुढे तो फळा आला. तीन-शून्य. जाळं पाण्यात पडायच्या आधीच मी मासळी मोजून, तळून, ताटात वाढून मोकळी झाले होते, आणि तेही चौदा घरच्या मुलांपुढे मोठ्या अक्षरात लिहून. आपल्याकडे पैलवान आखाड्यात उतरायच्या आधी मिशीला पीळ देऊन सांगतो की आज पाठ लावणार, आणि लोक त्यालाच डोक्यावर घेतात. इथे तसं बोललं तर माणूस विडी पेटवून परत बसतो.

मी हिराबायला विचारलं, मग जाळं वर येईपर्यंत करता काय? ती म्हणाली, दोर हातात धरायचा, पाणी कुठे वळतंय ते बघायचं, आणि एकमेकांची चेष्टा करायची. होडीत जेवढी चेष्टा चालते तेवढी तर लग्नातही चालत नाही. आणि जाळं रिकामं आलं तर? त्यावर तिने जे सांगितलं ते मी त्याच संध्याकाळी माझ्या वहीत, जुन्या व्याख्यांच्या वर, शाईने लिहून ठेवलं.

"रिकामा आला तरी धुवाचा, तीनदा झटकाचा, परत टाकाचा. जाल्याचा काय गुन्हा?"

मग टोपली खाली ठेवून ती जरा जवळ सरकली. पोरगा वर्षभर घरात हसला नाही म्हणाली. तू त्याला काही पण शिकव, पण खेळणार का सोडणार ते विचारू नकोस. तेही जाळं अजून पाण्यातच आहे. बोलताना तिचा तो मोठा आवाज एकदम खाली आला आणि मला गलबलून आलं. मी मान डोलावली. जीभ आवरणं हा माझा स्वभाव नाही, तरी शब्द दिला.

अर्ध्या तासाने मामा उठले आणि गेले. जाताना माझ्याकडे बघून किंचित हसले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

टेंभी नाका, त्याच संध्याकाळी

मी मुलांची माफी मागितली. वर्गात अशी माफी मागण्याची सवय नसल्याने ती भाषणासारखी लांबली, आणि जनार्दनने मध्येच जांभई दिली तेव्हा कळलं की माफी मिळाली.

नवा नियम केला. गोल, कप, जिंकणं, हरणं हे शब्द सामन्यापर्यंत बंद. बोलायचं ते फक्त पायांबद्दल, हातांबद्दल आणि श्वासाबद्दल. आणि चेष्टा सक्तीची. गेल्या वर्षीपासून मैदानावर हरेशच्या भीतीने कुणी विनोदच करत नव्हतं, हे मला तेव्हा समजलं. सगळे त्याला जपत होते आणि त्या जपण्याने तो गुदमरत होता.

हरेशसाठी एक वेगळी गोष्ट ठरवली. चेंडू आत गेला, तर बाटलीतलं पाणी हातमोज्यांवर ओतायचं, तीनदा झटकायचं, आणि पुढच्या चेंडूकडे बघायचं. त्याने विचारलं, हे पुस्तकात आहे का? मी म्हटलं, नाही, तुझ्या आईने सांगितलंय. त्याने बाटली भरून घेतली.

एकाग्रतेचा सराव शांततेत कोण करत बसतो? मी सगळ्यांना ठाण्यातल्या टेंभी नाक्यावर, देवीच्या उत्सवाच्या गर्दीत नेलं. नवरात्रातला टेंभी नाका ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, आपल्या अंबाबाईच्या देवळाबाहेरची रांग घ्या, तिच्यात दहा लाउडस्पीकर, पाळणे, बर्फाचे गोळे आणि पिपाण्या मिसळा. त्या गर्दीच्या मधोमध चौदा दांडगी मुलं डोळे मिटून, हात लांब करून उभी केली आणि सांगितलं, फक्त श्वास मोजा, शंभरपर्यंत. लोकांना वाटलं कसलातरी नवस आहे. एका आजीबाईंनी जनार्दनच्या पाया पडून घेतलं. दुसऱ्या एकीने हरेशच्या हातावर प्रसादाची खडीसाखर ठेवली, तरी त्याने डोळे उघडले नाहीत. सत्तरपर्यंत सगळं नीट चाललं होतं. मग प्रभाकरच्याच कानाशी कुणीतरी पिपाणी वाजवली आणि मास्तरच किंचाळले. तेरा जण जे हसत सुटले ते थांबेनात.

हरेशच्या ओठाचा एक कोपरा हलला.

दसरा

दसऱ्याला हिराबायच्या घरी गेले. जाळी, कोयता, वल्हं यांची पूजा मांडली होती आणि त्यांच्या मधोमध झेंडूच्या फुलांखाली हरेशचे हातमोजे. त्यांनाही हळदकुंकू लागलं होतं. आपण वह्या-पुस्तकं पुजतो, म्हणून मी पिशवीतून माझी वही काढली. हिराबायने तीही शेजारी ठेवली आणि तिच्यावर एक फूल टाकलं. पंधरा वर्षांत त्या वहीचा इतका मान कुणी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उपास फिटला. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारे छोटे मासे. पहिला घास घेतला आणि तांबडा-पांढरा रस्सा क्षणभर विसरले, हे मी जाहीरपणे कबूल करते. गल्लीने काय शिक्षा द्यायची ती द्यावी.

डोंबिवली, सामन्याची सकाळ

सुलभाचं माहेर डोंबिवलीत. कल्याणला जाताना अख्खा संघ तिथे नाश्त्याला थांबवायचा, हे तिच्या आईने आधीच ठरवलं होतं. दोन खोल्यांच्या घरात चौदा खेळाडू मांडीला मांडी लावून बसले. भिंतीवर पुस्तकं, कोपऱ्यात तंबोरा, आणि कुणाच्याही कोपराचा धक्का लागू नये म्हणून श्वास रोखून बसलेली ही मुलं. पोह्यांवर ओलं खोबरं आणि कोथिंबीर अशी की हिरवळच.

सुलभाचे वडील निवृत्त शिक्षक. धोतर, चष्मा, बोलणं छापील पुस्तकासारखं. सगळ्यांकडे कौतुकाने बघून ते म्हणाले, "मग काय मंडळी, आज विजय आपलाच ना? किती गोलांनी?"

चौदा चमचे हवेत थांबले. जनार्दनचा घास गालातच राहिला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हरेशकडे पाहिलं. त्याचा चेहरा दगड झालेला.

"काका," मी घाईने म्हटलं, "पोहे फार सुंदर झालेत. अजून आहेत का?"

"वाढा की," काका म्हणाले, "पण मी विचारत होतो की किती..."

"मलापण वाढा," हरेश मोठ्याने म्हणाला.

"मलापण," जनार्दन म्हणाला. मग चौदाही ताटल्या एकदम पुढे आल्या. सुलभाच्या आईने कपाळावर हात मारला आणि पुन्हा कढई चढवली. बिचाऱ्या काकांना अजूनही वाटतं की कोपरीची मुलं पोह्यांसाठी वखवखलेली असतात. सामन्याच्या दोन तास आधी दोन-दोन ताटल्या पोहे खाऊ नयेत, एवढं तर मलासुद्धा कळतं, पण इलाज नव्हता.

कल्याण

स्टेशनाबाहेर रिक्षांची झुंबड, घाऊक बाजाराकडे निघालेल्या हातगाड्या, कांद्याच्या गोण्या. त्यातून वाट काढत मैदानावर पोचलो. कल्याणचे प्रेक्षक आपल्या प्रेक्षकांच्या तोडीचे आहेत, आणि ही माझ्याकडून मोठी शाबासकी समजावी. हरेश गोलापाशी जाऊन उभा राहिला आणि मागून आरडाओरडा सुरू झाला. "अरे, पाय जवळ घे, पाय!" गेल्या वर्षीचा चेंडू कुणीही विसरलं नव्हतं.

पोटात पोहे असूनही मुलं पळत होती. एकमेकांना शिव्या नाही, चेष्टा. मध्यंतराआधी जनार्दनने गोल मारला आणि चौदाही जण, राखीव धरून, झेंड्यापाशी जाऊन नाचले. पंचांनी शिट्टी वाजवून वाजवून त्यांना परत आणलं.

आणि मग शेवटची पाच मिनिटं राहिली असताना एक साधा चेंडू घरंगळत आला. हरेश वाकला. माती ओली होती, चेंडू जरा उडाला, आणि त्याच्या दोन पायांमधून गोलात गेला.

तसाच. अगदी तसाच. मागचे लोक बाकांवर चढून ओरडायला लागले. प्रभाकरने दोन्ही हातांनी डोळे झाकले. सामन्यासाठी कोपरीहून आलेली हिराबाय माझ्या शेजारी उभी होती, तिने माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. मला एकच वाटत होतं, सगळं संपलं, आता हा मुलगा सरळ मैदानाबाहेर चालत जाणार.

हरेशने चेंडू उचलून मध्याकडे फेकला. मग गोलाच्या खांबापाशी गेला, बाटली उचलली, हातमोज्यांवर पाणी ओतलं. झटकलं. एकदा, दोनदा, तीनदा. मागे वळून त्या ओरडणाऱ्या लोकांना म्हणाला, "दोन वेळा झाला. तिसऱ्यांदा तिकीट लावणार." आणि लोक हसले. मागच्या वेळेसारखे त्याला हसले नाहीत, त्याच्याबरोबर हसले.

बरोबरी झाली म्हणून पेनल्टी मारायच्या ठरल्या. हरेशने एक अडवली, तीही पायांनी. कोपरीच्या पोरांनी दोन बाहेर मारल्या. संघ हरला.

आणि हरल्यावर ही सगळी मुलं झेंड्यापाशी जाऊन पुन्हा नाचली. कल्याणचे लोक गोंधळून बघत होते, जिंकलं नक्की कोण. मीही नाचले. साडीचा काष्टा मारून नाही, पण नाचले. हिराबायने मला फुगडीसाठी हात दिला, त्याला मी काय करणार?

परतीच्या वाटेवर कुणी हरेशला विचारलं नाही. प्रभाकर तीनदा तोंड उघडून गप्प बसला. मी जीभ दातांखाली धरली होती. हरेश खिडकीशी बसून हातमोजे वाळवत होता.

कोपरी, निघताना

माझी गाडी सकाळची. तरी सहाला मैदानावर गेले. तेरा मुलं आली होती. गोलात कुणी नव्हतं. साडेसहा झाले, पावणेसात झाले. प्रभाकर उगाच चेंडूत हवा भरत बसला, जी भरलेलीच होती. वाटलं, आठ दिवसांची सगळी मजा एका रिकाम्या गोलापाशी संपणार.

सातला हरेश आला. केस ओले, अंगाला खाडीचा वास. वडिलांबरोबर होडीवर गेलेला, भरती उशिरा आली म्हणाला. हातमोजे चढवले, गोलात उभा राहिला आणि मला हाक मारली.

"मॅडम, जायच्या आधी एक मारा."

मी नाही नाही म्हणत होते, पण मुलांनी चेंडू आणून ठेवला. मी पदर खोचला, वहीत लिहिल्याप्रमाणे डोळे मिटले आणि श्वास घेतला. "डोळे उघडा," जनार्दन ओरडला. मी उघडले, धावत गेले आणि जीव खाऊन पाय फिरवला. चेंडू हातभर बाजूला सरकला. पायातली चप्पल मात्र अशी सुटली की गोलाच्या वरच्या कोपऱ्याकडे थेट. आणि हरेशने आडवी उडी घेऊन, सबंध हवेत, दोन्ही हातांनी ती झेलली.

मातीत पडल्या पडल्या तो हसायला लागला. पोट धरून, लोळून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. हिराबाय रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन उभी होती. तिने पदर तोंडावर धरला. मला ती हसत होती का रडत होती ते समजलं नाही, मी स्वतःही दोन्ही करत होते.

मी लंगडी घालत चप्पल मागायला गेले. त्याने ती पाठीमागे लपवली.

"ही राहू दे मॅडम," हरेश म्हणाला. "पुढच्या नवरात्रात जोडीची घेऊन या. मी इथेच असणार, गोलात."

डावी चप्पल मी कपाटात नीट कागदात गुंडाळून ठेवली आहे.